खेळाची लोकवर्गणी : दाता, गिऱ्हाईक की भागीदार?

वर्गणी हा शब्द आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गणेशोत्सव, वाचनालय, गावची शाळा, संपाचा निधी, या सगळ्यांच्या मुळाशी एक पावतीपुस्तक असते. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून देशी धंदे उभारण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तेव्हा पुष्कळांनी थोडे थोडे देऊन एखादी वस्तू निर्माण करावी, हा विचार आपण परदेशाकडून शिकलो असे नाही.

तरीही आज मी ज्या वर्गणीविषयी बोलणार आहे ती प्रामुख्याने अमेरिकेतली आहे, आणि ती देवळासाठी किंवा कारखान्यासाठी नसून व्हिडिओ गेमसाठी आहे. हा पोरखेळ व्याख्यानमालेत कशाला, असे काहींच्या मनात येईल. माझ्याही मनात ते आले होते. मी कामगार चळवळीतला माणूस; असले खेळ खेळण्यात माझे आयुष्य गेलेले नाही. परंतु या वर्गणीचा इतिहास वाचू लागलो तेव्हा त्यात मला ओळखीचे प्रश्न दिसू लागले. पैसे देणाऱ्याचा हक्क कोणता? घेणाऱ्याची जबाबदारी कोणती? आणि विश्वास तुटतो तो नेमका कशाने? हे प्रश्न पावतीपुस्तक हातात धरलेल्या प्रत्येकाचे आहेत.

सावकार आणि कारागीर

पहिल्यांदा जुनी रीत पाहू. मोठा गेम तयार करावयाचा तर चित्रकार, प्रोग्रामर, संगीतकार, लेखक आणि चुका शोधणारे परीक्षक अशा अनेकांनी दोनतीन वर्षे काम करावे लागते. तेवढे दिवस त्यांचा पगार कोणी द्यावयाचा? तो प्रकाशक देतो. हा प्रकाशक पुस्तकाच्या प्रकाशकासारखा कमी आणि उचल देणाऱ्या सावकारासारखा जास्त असतो. उचल पुरी फिटेपर्यंत विक्रीतला वाटा कारागिरांच्या हाती सहसा पडत नाही. पुष्कळदा गेमचे नाव आणि हक्कही प्रकाशकाकडेच राहतात. साहजिकच, काय करावयाचे हे ज्याची थैली तोच ठरवतो. जे मागच्या वर्षी खपले त्याचाच दुसरा आणि तिसरा भाग काढा, असा त्याचा आग्रह असतो.

या रीतीत गेमचे काही प्रकार मागे पडले. गोष्ट सांगत, कोडी सोडवत पुढे जाण्याचा साहसकथेचा प्रकार हा त्यांतला एक. १९९० च्या दशकात त्याचे चाहते पुष्कळ होते. टिम शेफर यांचा १९९८ चा ‘ग्रिम फँडँगो’ हा गेम जाणकारांनी नावाजला, पण विक्रीत तो मागे राहिला. पुढे असल्या गेमना पैसे देण्यास प्रकाशक राजी होईनात. खेळणाऱ्यांच्या मनात मात्र आपल्या आवडीची चीज कोणीतरी बंद पाडली, ही सल राहिली. पुढे जे घडले ते या सलीतून घडले.

पहिली लाट

एप्रिल २००९ मध्ये न्यूयॉर्कला ‘किकस्टार्टर’ ही संस्था सुरू झाली. तिची पद्धत साधी आहे. ज्याला काही निर्माण करावयाचे आहे त्याने रक्कम आणि मुदत जाहीर करावयाची. मुदतीत ती रक्कम पुरी झाली तरच लोकांचे पैसे घेतले जातात. एक डॉलर कमी पडला तरी कोणाचेही पैसे कापले जात नाहीत. रक्कम जमल्यास संस्था शेकडा ५ घेते आणि पैशांच्या देवघेवीचा खर्च वेगळा कापला जातो.

८ फेब्रुवारी २०१२ रोजी शेफर यांच्या ‘डबल फाइन’ या कंपनीने तेथे साहसकथेच्या एका गेमसाठी ४ लाख डॉलर मागितले. त्यांतले ३ लाख गेमसाठी आणि १ लाख तो कसा तयार होतो याचा चित्रपट काढण्यासाठी. गेमचे नावही ठरलेले नव्हते. १५ डॉलर देणाऱ्याला गेम मिळणार होता. मागितलेली रक्कम नऊ तासांच्या आत जमली, एका दिवसात १० लाख झाले आणि १३ मार्चला मुदत संपली तेव्हा ८७,१४२ लोकांनी ३३,३६,३७१ डॉलर दिलेले होते. सरासरी काढली तर माणशी ३८ डॉलर पडतात. म्हणजे पंधरा डॉलरांत जे मिळत होते त्यासाठी पुष्कळांनी आपण होऊन अधिक दिले. नुसते गिऱ्हाईक असे कधी करत नाही.

त्याच वर्षी ब्रायन फार्गो यांनी आपल्या १९८८ च्या ‘वेस्टलँड’ या गेमच्या दुसऱ्या भागासाठी ९ लाख डॉलर मागितले. ६१,२९० जणांनी २९ लाखांवर दिले. ‘ऑब्सिडियन’ या कंपनीने ११ लाख मागितले. ७३,९८६ जणांनी जवळजवळ ४० लाख दिले. या दिवसांतली भावना सणासारखी होती. आता मध्ये सावकार नको. आम्ही आणि कारागीर यांच्यात दलाल नको. मी हे वाचताना मनाशी म्हटले, की हे तर सहकाराचेच बोलणे आहे.

परंतु त्या गर्दीत तीन प्रकारची माणसे होती आणि ती एकाच रांगेत उभी असल्यामुळे त्यांच्यातला भेद कोणाच्या ध्यानात आला नाही. पहिला दाता : ज्या कारागिराने माझे बालपण सुखाचे केले त्याच्यासाठी मी देतो, गेम चांगला निघाला तर आनंदच. दुसरा गिऱ्हाईक : मी आगाऊ पैसे भरून स्वस्तात माल घेतला आहे, तो वेळेवर मिळालाच पाहिजे. तिसरा स्वतःला भागीदार समजणारा : माझ्या पैशावर हे उभे आहे, तेव्हा निर्णयात माझा शब्द हवा. आणखी गंमत अशी, की पुष्कळदा ही तीन माणसे एकाच डोक्यात राहतात. पैसे देताना तो दाता असतो, उशीर झाला की गिऱ्हाईक होतो, आणि कंपनी विकली गेली की त्याच्यातला भागीदार जागा होतो.

पैसे पुरत का नाहीत?

तेहतीस लाख डॉलर ऐकून आपले डोळे फिरतात. पण कामगारांच्या पगाराचा हिशेब ज्याने केला आहे त्याने एक त्रैराशिक मांडून पाहावे. किकस्टार्टरचा आणि देवघेवीचा वाटा, चित्रपटाचा खर्च, देणगीदारांना पाठवावयाच्या वस्तू, हे सगळे वजा जाता गेमच्या हाती फार तर २५-३० लाख उरतात. अमेरिकेत या धंद्यात पगार, जागा, विमा, यंत्रे मिळून एका माणसाच्या एका महिन्याच्या कामाला १० हजार डॉलर धरण्याचा ढोबळ आडाखा होता. म्हणजे तीस लाख धरले तरी ३०० मनुष्यमहिने. वीस माणसे कामाला लावली तर सव्वा वर्षात थैली रिकामी.

डबल फाइनचे तसेच झाले. गेम ऑक्टोबर २०१२ मध्ये देण्याचा अंदाज दिलेला होता. पैसे आठपट आले तसा गेमचा आराखडाही फुगला. जुलै २०१३ मध्ये शेफर यांनी वर्गणीदारांना कळवले, की ठरवल्याप्रमाणे गेम करावयाचा तर हातचे पैसे पुरणार नाहीत. म्हणून तो दोन भागांत काढू आणि पहिल्या भागाच्या विक्रीतून दुसरा पुरा करू. ‘ब्रोकन एज’ या नावाने पहिला भाग जानेवारी २०१४ मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१५ मध्ये आला.

यावर खेळणाऱ्यांत सरळ दोन तट पडले. एक म्हणे, आठपट पैसे घेऊनही ज्याला हिशेब जमत नाही त्याला पुन्हा एक डॉलर देणे नाही. याच कंपनीने पहिला गेम हाती देण्याआधीच जून २०१३ मध्ये दुसऱ्या गेमची वर्गणी गोळा केल्यामुळे त्यांचा राग वाढलेला होता. दुसरा तट शांत होता, आणि त्याचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. त्या वर्गणीतून निघालेला चित्रपट भागाभागांनी वर्गणीदारांना दाखवला जात होता. कारागीर कोठे अडले, पैसे कोठे संपले, वाद कशावरून झाले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. ज्याने भट्टी पाहिली आहे तो भाजलेल्या विटेची घाई करत नाही.

येथे वाढीव उद्दिष्टांचा रोग सांगितला पाहिजे. मागितलेली रक्कम जमली की वर्गणी थांबू नये म्हणून नवी वचने दिली जातात : आणखी इतके जमले तर आणखी एक शहर, आणखी एक नायक, आणखी एका जातीच्या यंत्रावर गेम. प्रत्येक वचनापाठीमागे कोणाचे तरी तास असतात. वचन देतो मालक, टाळी वाजवतो वर्गणीदार आणि रात्र जागवतो कारागीर. या कारागिराचा विचार वादाच्या दोन्ही बाजूंनी फारसा झाला नाही, हे मला सर्वांत खटकले.

विश्वास कोठे तुटला

काही ठिकाणी गेम आलाच नाही. ‘योगव्हेंचर्स’ या गेमसाठी २०१२ मध्ये ५ लाख ६७ हजार डॉलर जमले आणि जुलै २०१४ मध्ये काम बंद पडले. काही ठिकाणी आला पण निराशा झाली. जपानचे नामवंत कलावंत केइजी इनाफुने यांच्या ‘माइटी नंबर ९’ साठी २०१३ मध्ये ६७ हजारांवर लोकांनी ३८ लाख डॉलर दिले; गेम पुन्हा पुन्हा लांबून जून २०१६ मध्ये आला आणि लोकांना तो नीरस वाटला. मधल्या काळात, २०१५ मध्ये, त्यांनी दुसऱ्या गेमसाठी हात पसरला तेव्हा लोकांनी तो रिकामा परत पाठवला. पहिले देणे फेडण्याआधी दुसरे मागणे ही चूक दोन देशांत दोघांनी केली आणि दोन्हीकडे लोकांना तीच सर्वांत अधिक झोंबली.

तथापि सगळेच बुडवे आहेत असे समजणे अन्यायाचे होईल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्राध्यापक इथन मॉलिक यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरवरील सर्व प्रकारच्या योजनांची पाहणी केली. त्यांना असे आढळले, की रक्कम जमलेल्या योजनांपैकी सुमारे शेकडा ९ योजनांनी कबूल केलेली वस्तू दिली नाही. म्हणजे लबाडी आणि नादारी मिळून दहांत एकही भरत नाही. उशीर मात्र जवळजवळ नियमच आहे.

कायदाही सावकाश जागा झाला. सप्टेंबर २०१२ मध्ये किकस्टार्टरने आपण दुकान नव्हे असे जाहीर केले. २०१४ मध्ये नियम स्पष्ट केले, की योजना पुरी होत नसेल तर पैसे कसे खर्च झाले ते सांगितले पाहिजे आणि उरलेले परत केले पाहिजेत. २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा वर्गणीतली आपली पहिली कारवाई केली. ती पटावरच्या एका खेळासाठी १,२४६ लोकांकडून १ लाख २२ हजार डॉलर घेऊन ते स्वतःच्या संसाराला वापरणाऱ्यावर होती.

पण सर्वांत मोठा संताप चोरीवरून झालेला नाही, तर मालकीवरून झालेला आहे. ‘ऑक्युलस रिफ्ट’ हा डोळ्यांवर चढवावयाचा, आभासी जग दाखवणारा चष्मा. २०१२ मध्ये ९,५२२ लोकांनी २४ लाखांवर डॉलर देऊन तो उभा केला. वस्तूही लोकांना मिळाली. आणि मार्च २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे २०० कोटी डॉलरांना विकत घेण्याचे जाहीर केले. वर्गणीदारांच्या वाट्याला त्यांतला छदामही आला नाही. कायद्याने तो यावयाचाही नव्हता. त्यांनी भाग घेतलेले नव्हते, वस्तू घेतली होती. पण लोक म्हणाले, आम्ही दिले ते एका धडपड्या तरुणाला, सावकारांच्या सावकाराला नव्हे. २०१६ मध्ये कंपनीने जुन्या वर्गणीदारांना नवा चष्मा फुकट दिला. त्याने राग थोडा निवळला, प्रश्न सुटला नाही.

तसेच ‘शेनम्यू ३’ चे. २०१५ मध्ये ६९,३२० लोकांनी ६३ लाखांवर डॉलर दिले. जून २०१९ मध्ये कळले, की संगणकावर हा गेम प्रथम केवळ एका ठराविक कंपनीच्या दुकानातून मिळेल. लोकांना मात्र दुसऱ्या दुकानातून मिळेल असे सांगितलेले होते. दुकान बदलले एवढ्यावरून लोक पैसे परत का मागतात, हे बाहेरच्याला कळत नाही. मला कळते. दिलेले वचन आपल्याला न विचारता तिसऱ्याला विकले गेले, हा तो अपमान आहे.

आणि पहिल्या लाटेचा शेवट कसा झाला पाहा. सावकारापासून सुटका म्हणून ज्या तीन कंपन्यांना लोकांनी उचलून धरले, त्यांपैकी फार्गो यांची ‘इनएक्झाइल’ आणि ‘ऑब्सिडियन’ या २०१८ मध्ये आणि ‘डबल फाइन’ २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. मी कंपन्यांना दोष देत नाही. दर दोन वर्षांनी माणसांचे पगार कोठून आणावेत या चिंतेपेक्षा त्यांना मोठी छत्री बरी वाटली असेल. पण दलाल नको म्हणून काढलेली दिंडी सर्वांत मोठ्या वाड्यात जाऊन विसावली, ही गोष्ट विसरता येत नाही. लोकांच्या पैशाला मालकीची जोड देण्याचा प्रयत्नही झाला : २०१५ मध्ये निघालेल्या ‘फिग’ या संस्थेत गेमच्या उत्पन्नात वाटा घेण्याची सोय होती. २०२० मध्ये ती दुसऱ्या संस्थेत विलीन झाली. सामान्य खेळणाऱ्याला भागधारकाचे कागद वाचण्यापेक्षा पंधरा डॉलरचा विश्वास सोपा वाटला.

या सगळ्यांहून वेगळे प्रकरण ‘स्टार सिटिझन’ चे. क्रिस रॉबर्ट्स यांनी २०१२ मध्ये वर्गणी सुरू केली तेव्हा गेम २०१४ मध्ये येणार होता. कंपनीने अजून न बांधलेली अंतराळयानेही आगाऊ विकली. २०१५ च्या अखेरीस १० कोटी, २०२२ मध्ये ५० कोटी आणि २०२४ मध्ये ७० कोटी डॉलरांचा आकडा ओलांडला. तोवर गेम पुरा झालेला नव्हता. टीकाकार याला फसवणूक म्हणतात. पण देणाऱ्यांपैकी हजारो लोक अपुरा गेम रोज खेळतात आणि आपण सुखी आहोत असे सांगतात. काही माणसांना घरापेक्षा घराचे बांधकाम पाहण्यात आनंद असतो. मात्र जोवर वर्गणी चालू आहे तोवर काम पुरे करण्याची निकड मालकाला कितपत राहील, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

जेथे जमले तेथे काय होते?

उलट बाजूची उदाहरणेही आहेत, आणि ती बहुधा लहान आहेत. ‘शॉव्हेल नाइट’ साठी २०१३ मध्ये ७५ हजार मागितले, ३ लाख ११ हजार मिळाले, गेम जून २०१४ मध्ये आला. मध्यंतरी पैसे संपले तेव्हा कारागिरांनी काही महिने बिनपगारी काम केले. वाढीव उद्दिष्टांत कबूल केलेला शेवटचा भाग डिसेंबर २०१९ मध्ये निघाला. पाच वर्षे लागली, पण शब्द पुरा केला आणि त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत. टोबी फॉक्स यांनी ‘अंडरटेल’ साठी ५ हजार मागितले, ५१ हजार मिळाले, आणि २०१५ मध्ये निघालेला तो गेम जगभर गाजला. ऑस्ट्रेलियातल्या ‘टीम चेरी’ या चिमुकल्या चमूने २०१४ मध्ये ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरांवर ‘हॉलो नाइट’ उभा केला. तो २०१७ मध्ये आला. त्या वर्गणीत कबूल केलेल्या एका जादा नायिकेची गोष्ट वाढत वाढत ‘सिल्कसाँग’ हा स्वतंत्र गेम झाली. तो सप्टेंबर २०२५ मध्ये आला आणि जुन्या वर्गणीदारांना फुकट मिळाला.

आपल्या पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ची कथा निराळी. ‘राजी’ या गेमसाठी त्यांनी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर १ लाख २० हजार डॉलर मागितले. ते जमले नाहीत आणि नियमाप्रमाणे काहीच मिळाले नाही. तरी गेम २०२० मध्ये निघाला. वर्गणी ज्याचे नाव आधीच लोकांच्या तोंडी आहे त्याच्याकडे वाहते. नव्या माणसाला तेथेही दार ठोठवावे लागते.

या अनुभवांनी खेळणारा आज सावध झाला आहे. त्याने देणे सोडलेले नाही. ‘एयुडेन क्रॉनिकल’ या जपानी गेमला २०२० मध्ये ४६ हजारांवर लोकांनी भरभरून दिले आणि तो एप्रिल २०२४ मध्ये आला. पण आता तो नुसत्या नावावर देत नाही. थोडा तरी खेळता येईल असा नमुना दाखवा, हे माणूस पूर्वी काय पुरे करून बसले आहे ते सांगा, बाकीचे पैसे कोठून येणार ते बोला, असे विचारतो. बुडाले तरी चालतील एवढेच देतो.

पैसे नकोत, हिशेब हवा

एक कबुली देऊन संपवतो. पंचवीसएक वर्षांपूर्वी आमच्या एका लांबलेल्या संपात आम्ही दारोदार फिरून निधी जमवला. त्याचे धान्य घेतले, घरोघर वाटले. एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नाही. पण संप मिटल्यावर हिशेब लावायला आम्ही चार महिने घेतले. आम्हाला वाटले, आपण प्रामाणिक आहोत एवढे पुरे. एक दिवस गेटजवळ भाजी विकणाऱ्या एका मावशींनी मला थांबवले. त्यांनी दहा रुपये दिले होते. त्या म्हणाल्या, “भाऊ, पैसे परत नकोत मला. पण त्याचं काय झालं ते कुणी सांगितलंच नाही.” मला उत्तर सुचले नाही. पुढच्या आठवड्यात हिशेबाचा कागद गेटवर लागला, पण पुढच्या निधीला त्या गल्लीतून निम्मेच पैसे आले.

अमेरिकेतला तो खेळणारा आणि आमच्या गेटजवळच्या त्या मावशी यांचे म्हणणे मला एकच वाटते. माणूस नुकसान सोसतो, उशीर सोसतो, अपयशही सोसतो. आपल्याला मोजले नाही हे तो सोसत नाही. म्हणून जो वर्गणी मागतो त्याने तीन गोष्टी आधी सांगाव्यात : तुम्ही दाते आहात, गिऱ्हाईक आहात की भागीदार, हे स्वच्छ शब्दांत, कामाला किती माणसे किती महिने लागतील आणि त्यांचे पोट कशावर चालेल, हे आकड्यांत, आणि काम फसले तर त्याची बातमी तुम्हाला प्रथम आमच्याकडून कळेल, हे वचन म्हणून. आणि जो वर्गणी देतो त्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी : वाढीव उद्दिष्टाला टाळी वाजवताना त्या टाळीचे तास कोणाच्या रात्रीतून कापले जाणार आहेत, हेही विचारावे.

पावतीपुस्तकाच्या पानाला दोन भाग असतात. एक देणाऱ्याकडे जातो, एक घेणाऱ्याकडे राहतो. देणारा आपला भाग हरवील. घेणाऱ्याने आपला हरवता कामा नये.